द

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात
माझं टेबल वजनकाट्याशेजारी.
भिंतीपलीकडे चोवीस लूम.
म्हणून मी प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचून तपासते,
ते कुणालाच ऐकू जात नाही.

घरी तेलुगू, गल्लीत मराठी, किराणावाल्याशी कानडी,
आणि दहा ते सहा इंग्रजी,
तेही फक्त लिहायचं.
रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकानं माझा आवाज ऐकलेला नाही.
त्याला मी म्हणजे पत्राखालचं नाव, आर. कोंड्याल.
डिअर मिस्टर कोंड्याल, असं तो लिहितो.
मी दुरुस्त करत नाही.

पहिल्याच वर्षी मी लिहिलं होतं,
माल 'अन्टिल फ्रायडे' पाठवू.
तो बिचारा शुक्रवारपर्यंत रोज गोदामाच्या दारात,
रोज थोडा थोडा येईल म्हणून.
आपलं 'पर्यंत' भाबडं आहे,
शुक्रवारपर्यंत थांब, शुक्रवारपर्यंत ये,
दोन्ही पाळ्या एकटंच करतं.
इंग्रजीनं दोन माणसं ठेवलीत, 'बाय' आणि 'अन्टिल',
एकाची हजेरी दुसऱ्याच्या नावावर लागली
की पुढचं जहाज चुकतं.

साखर पेठेत गुज्जा सर शिकवायचे, रात्री आठनंतर,
खाली पिठाची गिरणी.
वाक्य लांबलं की म्हणायचे,
कांडी संपली गं, बदल. फुलस्टॉप दे.
'धिस टॉवेल्स' दिसलं की वही मिटून परत द्यायचे.
आणि कसलंही वाक्य असो, एकच विचारायचे:
कोणी केलं?

आई विड्या वळताना एकदा म्हणाली,
ते 'द' 'द' काय असतं गं, सारखं?
मी म्हटलं, नवीन वस्तू असली तर 'अ'.
तुलाही ठाऊक, मलाही ठाऊक, ती वस्तू असली की 'द'.
तिनं पानाचं टोक नखानं आत दाबलं,
दोरा गुंडाळला, सुपात टाकली,
पुढचं पान घेतलं.
मग म्हणाली, तुझ्या अप्पाचा माग आपल्याला 'द'.
भंगारवाल्याच्या वहीत 'अ'.
आणि मोजत राहिली, सातशे बारा, सातशे तेरा.

या वर्षी निळा रंग सुटला.
रॉटरडॅमहून फोटो आला,
पांढरं बाथटब, त्यात कुणाचे तरी निळे पाय.
सावकार म्हणाले, लिही, चूक झाली. रंग गेला.
मराठीत किती सोय आहे,
कप फुटतो, दूध उतू जातं, चूक होते,
घरात माणूस म्हणून कुणी नसतंच.
इंग्रजीतही सोय निघाली:
'अ मिस्टेक वॉज मेड.'
तपासलं. काळ बरोबर, वचन बरोबर, स्पेलिंग बरोबर.
गुज्जा सरांनाही लाल शाई लावायला
त्यात जागा सापडली नसती.
फक्त त्यांनी विचारलं असतं.

खोडलं. लिहिलं, 'वुई चेंज्ड द डाय.'
चार शब्द. आणि तिसऱ्यापाशीच अडले.
'द' म्हणजे त्यालाही ठाऊक असलेला रंग.
त्याला कुठे ठाऊक होता?
म्हणजे याच्या आधी एक 'अ' हवा,
आम्ही जुलैत एक रंग आणला, किलोमागे नव्वदनं स्वस्त,
ते वाक्य आधी हवं,
नाहीतर हे व्याकरणात बसत नाही.

ते लिहिलं.
मग सवयीनं दोन्ही मोठ्यानं वाचायला लागले,
आणि नेमकी तेव्हा लाइट गेली.
चोवीस लूम एकदम थांबले.
काट्यावरच्या हमालानं गठ्ठा खाली न ठेवताच मागे पाहिलं.
दारात कांड्या भरणाऱ्या बायका,
त्यांना इंग्रजी कळत नाही, पण 'चीप' कळतं.

केबिनमधून सावकारांचा आवाज,
काय ते? कोणी लिहिलं?

मी, म्हटलं.
मी लिहिलं.